निम्म्या घरपट्टीचा शब्द

ज्या दारांत उभं राहून तिने घरपट्टी निम्मी करण्याचा शब्द दिला होता, त्याच दारांत ती पुन्हा जाणार होती. या वेळी तो शब्द परत घ्यायला. असं कुणी करत नाही. शब्द मोडायचा असला की पुढारी फोन उचलत नाहीत, नाहीतर त्यांना अचानक ताप येतो. पण तिचं ठरलं होतं, आणि तिचं एकदा ठरलं की ठरलं, हे तिच्या थोरल्या भावाला लहानपणापासून पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच तर दादा इतका चिडला होता.

ती आमदार होऊन चार वर्षं उलटली होती. त्याआधी बाजारात तिचं चष्म्यांचं दुकान होतं. ते अजूनही होतं. अधिवेशन नसलं की ती काउंटरमागे बसायची. विरोधक तिला हिणवून ‘चष्मेवाली’ म्हणाले, तर तिने तेच नाव पोस्टरवर छापून टाकलं. त्याखालची ओळ मात्र दादाची होती: घरपट्टी निम्मी.

दादाचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. रस्त्यापलीकडे काचेचे टॉवर आणि एक भलामोठा मॉल उभा राहिला, आणि अलीकडच्या बैठ्या घरांचे भाव कागदोपत्री आभाळाला भिडले. कुणी घरात नवा खिळासुद्धा ठोकला नव्हता, तरी सरकारदरबारी सगळे श्रीमंत झाले. “नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं झालंय. घरापेक्षा घरपट्टी जड,” असं दादा म्हणायचा. दुखरे गुडघे घेऊन तो बहिणीसाठी गल्लीगल्ली हिंडला, आणि ती निवडून आली.

मग खरंच विधेयक आलं. पहिल्या कलमात घरपट्टी निम्मी. ती हरखून गेली. शहरातल्या शाळा घरपट्टीवर चालत. तो पैसा कमी झाला तर राज्य भरपाई देणार, असं पुढे लिहिलं होतं. तेही ठीक. पण राज्य ती भरपाई आणणार कुठून? तर शिक्षक, नर्सा, अग्निशमन दलाचे जवान यांच्या पेन्शनच्या निधीत दरसाल जो हप्ता भरायचा, तो थांबवून.

समितीच्या बैठकीत तिने वित्त सचिवांना सरळ विचारलं, “साहेब, हप्ता थांबला तर पेन्शन कुठून द्यायची?”

“निधीत शिल्लक आहे, ताई. दहा वर्षं कुणाला काही जाणवणार नाही.”

“आणि अकराव्या वर्षी?”

सचिव मंद हसले. “अकराव्या वर्षी तुम्ही आणि मी, दोघंही या खोलीत नसू.”

खोलीत सगळे हसले. तिला हसू आलं नाही. सवलत सर्वांना सारखी होती, म्हणजे दादालाही निम्मी माफ आणि त्या मॉललाही निम्मी माफ. बोलाचालीत निम्मी, पण ताटात वाढताना मॉलच्या वाटणीला डोंगर आणि दादाच्या वाटणीला ढेकूळ. आणि हे सगळं जिने आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या त्या नर्सच्या म्हातारपणातून काढायचं. आवळा देऊन कोहळा काढायचा, तोही दुसऱ्याच्याच परड्यातला.

तिने दुरुस्ती सुचवली, की सवलत फक्त स्वतःच्या घरात राहणाऱ्या, बेताच्या मिळकतीच्या माणसांना द्या. मॉल आणि टॉवर वगळा. पक्षाच्या प्रतोदांनी तिला बाजूला घेतलं.

“चष्मेवाल्या बाई, लांबचं बघू नका. जवळचं बघा. निवडणूक जवळ आहे.”

“आणि मी विरोधात मत दिलं तर?”

“पक्षादेश काढणार नाही, पण तिकीट विसरा,” ते अगदी मायेने म्हणाले.

त्या रविवारी ती दादाकडे जेवायला गेली आणि पानावर बसल्या बसल्या सांगून मोकळी झाली. “मी या विधेयकाच्या विरोधात मत देणार आहे. आणि आधी घरोघर जाऊन तसं सांगणार आहे.”

दादाने घास खाली ठेवला. “डोकं ठिकाणावर आहे ना? मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय लोकांकडे. मला तोंडघशी पाडतेस?”

“तू टाकलास तो शब्द माझा होता, दादा. मी नीट न वाचता दिला. घरपट्टी निम्मी म्हणाले, उरलेली निम्मी कोण भरणार ते नाही विचारलं.”

“हे हिच्यासाठी चाललंय सगळं!” दादाने बायकोकडे बोट केलं. वहिनी सरकारी शाळेत शिकवत होती, निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती.

वहिनीने शांतपणे पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “मला मध्ये ओढू नका. दोघांनीही. घरपट्टी वाढली की मलाही झोप लागत नाही, आणि पेन्शन बुडाली तर मी म्हातारपणी काय तुझ्या गॅरेजात पत्रे ठोकू? मी दोन्हीकडून भाजले जातेय.” मग ती नणंदेकडे वळली. “तू जाशील तिथे आधी सांग की तुझी वहिनी मास्तरीण आहे. मागाहून कुणी उकरून काढण्यापेक्षा बरं.”

“पहिलं तेच सांगणार आहे.”

“मग मीही फिरणार,” दादा उठत म्हणाला. “तू पुढे, मी मागे. तू सांग विरोधात, मी सांगतो बाजूने. बघू लोक कुणाचं ऐकतात.”

आणि खरंच तसं झालं. ती सोमवारी एकटी निघाली. कार्यकर्ते तिकडे फिरकलेच नाहीत. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. पहिल्याच दारात एका निवृत्त पोस्टमनने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, खोटं बोलून मत घेतलंत, आता खरं बोलून काय देताय?” “राग बरोबर आहे तुमचा,” एवढंच ती म्हणाली आणि पुढच्या दाराकडे वळली.

एका निवृत्त नर्सकडे तिला वाटलं, इथे तरी पाठिंबा मिळेल. नर्स म्हणाली, “पेन्शन दहा वर्षांनी बुडणार ना? मी तोवर असेन की नाही कोण जाणे. घरपट्टी मात्र याच महिन्यात आहे.” दुसऱ्या दारात अग्निशमन दलातून निवृत्त झालेला एक धिप्पाड माणूस होता. ती निघताना तिचा हात हातात घेऊन तो जरा जास्तच वेळ हलवत राहिला. काही घरांत कुणी दार उघडलं नाही, पडदे मात्र हलले. एका बाईने तर तिला पाहून शेजारणीला मोठ्याने विचारलं, “काय गं, निम्मी घरपट्टी आली का दारात?” दोघी हसल्या. तीही हसली, आणि तिथेच ओट्यावर बसून दोघींना सगळं पहिल्यापासून सांगितलं.

मागून दादा यायचा. त्याचा आवाज तिला दोन घरं पलीकडून ऐकू यायचा: “माझीच बहीण आहे, पण चुकतेय!”

चौथ्या दिवशी दोघांची गाठ शिवणकामवाल्या मावशींच्या घरी पडली. मावशी गल्लीच्या टोकाला एकट्या राहत. पुढच्या खोलीत मशीन, मागे चूल आणि खाट. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ती मावशींसमोर बसून बोलत होती तेवढ्यात दादा दारात.

“या, तुम्हीही या,” मावशी मशीन न थांबवता म्हणाल्या. “भांडायचं असेल तर हळू आवाजात भांडा. हा ब्लाउज दुपारी द्यायचाय.”

दादा स्टुलावर बसला. “मावशी, हिला सांगा तुमची घरपट्टी किती थकलीय ते.”

“तिला माहीत आहे. मी सांगितलं.” मावशींनी दोरा दाताने तोडला. “पोरी, तू म्हणतेस ते कळलं मला. म्हातारी माणसं उघड्यावर पडू नयेत, बरोबर आहे. पण मीही म्हातारीच आहे. मला पेन्शन नाही, काही नाही, हे घर आहे. ते विकू का मी?”

“मावशी, तुमच्यासाठी वेगळा कायदा आणायचा प्रयत्न करीन.”

“कधी?”

“ते नाही सांगता येत.”

“म्हणजे नाही.”

“म्हणजे प्रयत्न,” ती म्हणाली. “पुन्हा खोटा शब्द नाही देणार मी तुम्हाला.”

मग दादाच बोलला, घुश्शातच. “मावशींसारख्यांची घरपट्टी थांबवून का ठेवत नाही सरकार? त्या आहेत तोवर मागूच नका. पुढे कधी घर विकलं गेलं की तेव्हा वळती करा. पळून जाणारे का घर?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. “हे मांडता येईल. शाळेचा पैसा बुडत नाही, नुसता उशिरा येतो.”

“मांड मग.”

“पण दादा, यात तू बसत नाहीस. तुझं गॅरेज चालतंय. तुझ्या पदरात यातून काहीच पडणार नाही.”

दादाला ते ठाऊक होतं, तरी ऐकून त्याचा चेहरा उतरला. “मी नेहमी मधलाच,” तो म्हणाला. “गरीब म्हणून मिळत नाही, श्रीमंत म्हणून सुटत नाही.” तो उठून गेला. त्यानंतर तिच्या मागून त्याचा आवाज ऐकू आला नाही. तो बाजूने बोलायचं थांबला होता. तिच्या बाजूने मात्र आला नाही.

मतदानाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. तिची मॉल वगळण्याची दुरुस्ती आवाजी मतदानात पडली. मग ती मूळ विधेयकावर बोलायला उठली. आधी वहिनीचं सांगितलं, मग स्वतःच्या पोस्टरचं. कुणीतरी मागून ओरडलं, “मग राजीनामा द्या!”

“देणार नाही,” ती म्हणाली. “मी ज्यांना फसवलं त्यांच्या दारांत जाऊन आले. शिव्या खाल्ल्या. आता त्यांच्या वतीने बसायचा मला जास्त हक्क आहे. घरपट्टी माणसांना पेलत नाही, हे खरं आहे. पण तो भार आपण खांद्यावरून उतरवत नाही आहोत. मागून येणाऱ्या म्हाताऱ्याच्या पाठीवर गुपचूप ठेवतोय, कारण त्याला अजून दिसत नाही. हे मला जमणार नाही.”

प्रतोद समोर बघत बसले होते. तिला वाटलं होतं आपण एकट्याच पडू. पण विरोधात हात वर करायची वेळ आली तेव्हा तिच्याच पक्षाच्या मागच्या रांगेतले काही जण खाली मान घालून, पण हात वर करून बसले होते. विधेयक अगदी थोडक्यात पडलं. तिला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. घरपट्टी होती तिथेच होती.

पुढच्या अधिवेशनात तिने मावशींसारख्यांसाठीचं छोटं विधेयक आणलं. ते एकदा समितीत अडकलं. तिने दोन्ही बाजूंच्या आमदारांच्या इतक्या पायऱ्या झिजवल्या, की एका ज्येष्ठ सदस्याने वैतागून सांगितलं, “करा हो मंजूर हे, नाहीतर ही बाई माझ्या घरी जेवायला येईल!” शेवटच्या आठवड्यात ते मंजूर झालं. ज्या नर्सने तिला याच महिन्याची घरपट्टी ऐकवली होती, तिचीही वसुली त्यामुळे थांबली. मॉलला धक्का लागला नाही. शाळा आहे तशाच, कुरकुरत चालत राहिल्या.

तिला तिकीट मिळालं नाही. ती अपक्ष उभी राहिली आणि पडली; सपाटून नाही, पण पडली. निकालाच्या संध्याकाळी वहिनी आली आणि तिच्याजवळ बसली. थोड्या वेळाने दादा आला. अजून पुरता निवळला नव्हता.

“मत दिलंस का मला?” तिने विचारलं.

“ते गुप्त असतं,” दादा म्हणाला. मग चपला काढत, “मॉलचं काय करणार आहेस?”

“आता मी आमदार नाही, दादा.”

“ते माहीत आहे मला. मी विचारतोय, काय करणार आहेस.”

तिने खुर्ची पुढे ओढली. “पालिकेत दर तीन वर्षांनी मूल्यांकनाच्या हरकती ऐकतात. तिथे कुणीही नागरिक उभा राहू शकतो. मॉलच्या जागेची किंमत मुद्दाम कमी लावलीय, असा माझा संशय आहे.”

“एकटी जाणार?”

“गरज पडली तर.”

“गरज नाही पडणार,” दादा म्हणाला, आणि सुनावणी कधी आहे ते विचारू लागला.