आधी तू, व्हर्ना

तेरा मिनिटं. आगीच्या कवायतीत व्हर्नाला इमारतीबाहेर यायला इतका वेळ लागला, आणि त्यातला निम्मा दोष माझा होता. पत्रात नाव मात्र तिचं एकटीचं आलं.

मी आर्डिस, वय ब्याऐंशी. तीस वर्षं मिनेसोटाच्या बर्फात शाळेची बस चालवली, त्यामुळे आवाज मोठा आणि सबुरी कमी. इथं वृद्धाश्रमात व्हर्ना माझ्या शेजारच्या खोलीत राहते. नऊ वर्षं आम्ही रोज दुपारी पत्ते खेळतोय आणि ती रोज लबाडी करते.

त्या दिवशी घंटा वाजल्याबरोबर ती निघाली. पण आमच्या मिनेसोटात निघायचं म्हणजे काय लगेच निघायचं असतं! वाटेत तिनं तीन दारं ठोठावली, प्रत्येकीच्या तब्येतीची चौकशी केली, आणि मोठ्या दाराशी मला गाठलं.

"आधी तू, आर्डिस."

"छे, आधी तू."

"अगं, तुझा गुडघा दुखतोय ना? हो पुढे."

असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी वैतागून मीच बाहेर पडले. म्हणून शेवटची ती ठरली.

आठवड्याभरात आमची व्यवस्थापिका किर्स्टन हिचं पत्र आलं. धोक्याच्या वेळी व्हर्नाला स्वतःहून बाहेर पडता येत नाही, सबब तिचा करार संपवण्याचा विचार आहे. मी पत्र वाचेपर्यंत व्हर्नानं बॅग काढलीसुद्धा होती.

"मुलीच्या गावी एक जागा आहे म्हणे. दोनशे मैलांवर. उगाच कुणाला त्रास कशाला?"

"तुला हाकलतायत, आणि तू त्यांनाच डबा भरून खाऊ देशील!"

"लिंबाच्या वड्या केल्यात खऱ्या," ती ओशाळून म्हणाली.

मला एकदम रडू आलं. तिच्याशिवाय मला इथं एक दिवसही काढायचा नव्हता. मग रडू आलं म्हणून राग आला, आणि रागाच्या भरात मी कपाटातून करार काढला. पहिल्या दिवशी सही करून आम्ही सगळ्यांनीच तो कोंबून ठेवलेला असतो. शेवटच्या पानांवर रहिवाशांचे हक्क होते. आधी बैठक घ्यायची. रहिवाशानं हवं त्याला सोबत आणायचं. काय बदललं तर राहता येईल, हे तिथं बोलायचं. त्यानंतरच नोटीस, तीही तीस दिवसांची, आणि तिच्यावर अपील. रहिवाशांची बाजू मांडणाऱ्या सरकारी बाईंचा फोन नंबरही होता. मी तो लगेच फिरवला.

बैठकीला त्या सरकारी बाई, ट्रूडीबाई, आल्या. व्हर्नानं वड्या आणल्याच.

"आजी, हे तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे हो," किर्स्टन म्हणाली.

ट्रूडीबाईंनी विचारलं, "यांना चालता येत नाही का?"

"येतं."

"घंटा ऐकू येत नाही?"

"येते."

"मग तेरा मिनिटं गेली कुठं?"

व्हर्नानं वड्यांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. मला राहवेना.

"दारात गेली," मी म्हटलं. "आधी तू, आधी तू करण्यात. एकटीला काढणार असाल तर आम्हा दोघींना काढा."

किर्स्टन गोंधळली. विचार करून लेखी कळवते म्हणाली, गुडघ्यांवर हात आपटून "बरं तर, निघते" म्हणत उठली, आणि तिथंच उभी राहिली. वड्यांत लिंबू किती घालता, हे विचारलं. तळ्यावरचा बर्फ यंदा पातळ आहे, हे सांगितलं. दाराच्या मुठीला हात लावून आईच्या ऑपरेशनची सगळी हकिगत ऐकवली. कोट घालून परत एक वडी घेतली.

ट्रूडीबाईंनी घड्याळ पाहिलं. "किर्स्टन, तुम्ही 'निघते' म्हटल्याला सतरा मिनिटं झाली."

आधी व्हर्ना हसली, मग आम्ही सगळ्या. किर्स्टन कानापर्यंत लाल झाली, पण हसली तीही.

दोन दिवसांनी लेखी उत्तर आलं. व्हर्नानं राहावं. फक्त कवायत पुन्हा होईल, आणि घंटा वाजल्यावर निरोप, चौकशा, आग्रह सगळं बंद.

जानेवारीतल्या एका सकाळी घंटा वाजली. व्हर्ना कोट घालून तडक निघाली, एकही दार ठोठावलं नाही. मोठ्या दाराशी आम्ही बरोबरच पोचलो. किर्स्टन बाहेर घड्याळ धरून उभी होती.

"आधी तू, व्हर्ना," सवयीनं माझ्या तोंडून गेलंच.

"बरं," म्हणाली आणि सरळ बाहेर पडली. चार मिनिटं!

मी तिच्यामागून बर्फात आले. आनंदानं तिला मिठी मारली आणि मग कानाशी ओरडले, "अगं बये, एकदा तरी नाही म्हणायचंस की!"