अॅलर्जीचा रकाना

चिमीला ताप होता म्हणून कात्रपच्या दवाखान्यात तिला मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "अॅलर्जी काही नाही हिला."

"आहे की! पेनिसिलिनची. मधूकाकांनी माझ्यासमोर टाइप केली होती."

मधूकाका इथले जुने कंपाउंडर. "केली होती, ताई. तेवढा रकाना मी मराठीतच भरतो. आयांना कागद वाचता यायला नको?"

डॉक्टरांनी स्क्रीन वळवली. नाव, वजन, लसी, इंग्रजीतलं सगळं जागच्या जागी. अॅलर्जीचा रकाना कोरा.

गेल्या आठवड्यात दवाखान्याच्या नव्या सिस्टिमसाठी मुलांच्या नोंदींची जुनी यादी मीच बदलून दिली होती, घरी बसून. काकांचं मराठी जुन्या फॉन्टमधलं. माझा पायथॉनमधला प्रोग्राम तिथे अडकायचा, एरर द्यायचा. चिमी किरकिरत होती. मी कोडमध्ये लिहून टाकलं, इग्नोर. वाचता येत नाही ते सोड, पुढे चल. तीन हजार एकशे बारा मुलं आत, तेवढीच बाहेर. आकडा जुळला. दाराची कडी तीनतीनदा बघणारी मी, एक ओळ उघडून बघितली नाही.

काकांच्या कॉम्प्युटरवर जुनी फाइल होती. उघडली. रकाना भरलेली मुलं एक्याऐंशी.

"सोमवारी नवी सिस्टिम सुरू झाली, तेव्हापासून यातली चार येऊन गेलीत," डॉक्टर म्हणाले. तिघांना नुसतं तापाचं औषध दिलेलं. चौथा कुळगावचा सोहम, चार वर्षांचा. आज सकाळीच, कान दुखतो म्हणून. त्याच्यापुढे काकांनी लिहिलं होतं: पेनिसिलिन, श्वास कोंडतो.

डॉक्टरांनी त्याला त्याच जातीचं औषध दिलं होतं. ते बॅग घेऊन निघाले. फोन मी लावला. त्याच्या आजीने, जनाबाईंनी उचलला.

"आजी, सोहमला बाटलीतलं औषध पाजलंत?"

"पाजलं ना गो, मघाशीच. गोड लागलं त्याला, आणखी दे म्हनत होता. आता निजलाय."

"उठवा त्याला."

"काय उठवतेस! रातभर कान धरून रडलाय पोर. निजू दे."

"आजी, आत्ता उठवा. फोन ठेवू नका. डॉक्टर निघालेत तुमच्याकडे."

फोन कशावर तरी आदळला. लांब जाणारी पावलं ऐकू आली.

"सोहम. ए सोहम."

मग पुन्हा, जरा मोठ्याने, "सोहम."