बाबांचा उजवा पाय

"आता बघ कसा मागे टाकतो ह्याला," बाबा म्हणाले आणि त्यांनी गाडी टँकरच्या मागून बाहेर काढली.

घाटातला तो एकच सरळ तुकडा. पुढे वळण होतं, पण बरंच लांब. समोरचा रस्ता रिकामा, टँकर धापा टाकत चाललेला. उभा जन्म बस चालवण्यात घालवलेल्या माणसाचा तो अंदाज होता, चुकायचं काही कारणच नव्हतं. आणि नेमका चुकला. बाबांनी पाय दाबला तर गाडीनं नुसता हुंकार दिला. टँकरच्या मागच्या चाकांपर्यंत आली, मधल्या चाकांपर्यंत आली आणि तिथंच रेंगाळली.

"अगं, उचलत का नाहीये ही?"

शेजारी बसलेल्या लेकीला ते ठाऊक होतं.

वळणावरून बस आली. दिवे लावलेली, हॉर्नवरचा हात न काढणारी. बाबांचा पाय उडाला तो थेट ब्रेकवर पडला, हात फिरले, आणि गाडी टँकरच्या मागे अशी परत शिरली की जणू तिथून निघालीच नव्हती. बस वाऱ्याचा फटकारा मारून गेली. तिचा ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी ओरडला. बाबांवर रस्त्यात ओरडणारा माणूस लेकीनं पहिल्यांदाच पाहिला.

पुढे जागा मिळाल्यावर बाबांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. दोन्ही हात उजव्या मांडीवर ठेवून ते नुसते बसले.

"गाडी नाही गं," ते म्हणाले. "पाय गेला माझा. मला वाटत होतं मी दाबतोय. तो दाबला गेलाच नाही."

आणि त्यांनी किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

त्या किल्लीसाठी तिनं काय काय केलं नव्हतं! बाबांना अर्धांगाचा छोटा झटका येऊन गेला, उजवा पाय संध्याकाळपर्यंत बधिर राहिला, तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागलेला. डॉक्टर म्हणाले होते, पाय पूर्ववत आहे, जपून चालवा. पण डॉक्टरांना काय जातंय सांगायला? दर रविवारी घाट चढून एकट्या राहणाऱ्या आत्याकडे जायचा बाबांचा नेम. तिनं विनवलं, ती रुसली, शेवटी भांडली. बाबांचं आपलं एकच पालुपद. "स्टेअरिंग सोडलं की माणसाचं सामान होतं. कुणीतरी उचलायचं, कुणीतरी ठेवायचं. मी सामान व्हायचा नाही."

मग तिला कुणीतरी नाडीवैद्याचं नाव सांगितलं. गाड्यांच्या कॉम्प्युटरचं काम करणारा माणूस. गाडी आली की हा गृहस्थ बॉनेटला हातच लावायचा नाही. स्टेअरिंगखाली एक वायर खुपसायचा आणि लॅपटॉपकडे बघत मान हलवायचा, म्हणून त्याला हे नाव पडलेलं. बाबा दुपारी झोपायला निघाले तेव्हा, टायरमध्ये हवा भरून आणते असं सांगून, ती गाडी घेऊन त्याच्याकडे गेली.

"गाडीचा जोर कमी करायचा?" त्यानं दोनदा विचारलं. "ताई, आजवर जो आला तो गाडी पळवायला आला. बांधून घ्यायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

पण काम त्यानं चोख केलं. पाय किती दाबला की इंजिननं किती जोर द्यायचा, हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. तो जोर त्यानं अर्ध्यावर आणला आणि वरच्या वेगाला मर्यादा घातली. "मूळ फाईल माझ्याकडे ठेवलीय, कधीही परत घालता येईल. फक्त एक करा, चालवणाऱ्याला आधी सांगा. गाडी बदललीय हे त्याला माहीत पाहिजे."

"सांगते की," ती म्हणाली होती.

आणि नाही सांगितलं. सांगितलं असतं तर बाबांनी त्याच पावली गाडी परत नेली असती. शिवाय न सांगण्याची तिला सवयच होती म्हणा ना. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. समोरच्या माणसाच्या रक्तात काय निघालंय हे आधी तिला कळायचं, आणि ती हसून म्हणायची, "रिपोर्ट डॉक्टर सांगतील हं."

घाटातल्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, बाबा लंगडत स्वयंपाकघरात आले.

ती चहा गाळत होती, तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "काय झालं पायाला?"

"काय व्हायचंय? जे झालंय ते आता चालण्यात उतरतंय."

बुधवारी त्यांनी माळ्यावरून आजोबांची काठी काढली. लेकीनं त्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाय वाकवला, ठोकला, तळव्यावर दाब देऊन ढकलायला लावला आणि म्हणाले, काका, ह्या पायानं तुम्ही मला खुर्चीसकट पाडाल. बाबा हसले नाहीत. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "ह्यांना काय कळतंय? माझा पाय मला गाडीनं सांगितलाय. गाडी खोटं बोलत नाही."

तेव्हाही तिनं खरं सांगितलं नाही! किल्ली तिच्या पर्समध्ये होती, बाबा घरात सुखरूप होते, जे मागितलं होतं ते पदरात पडलं होतं. रात्री अंथरुणावर ती मनाला बजावत राहिली, लंगडेनात का, जिवंत तर आहेत. शनिवारी बाबांनी आत्याला फोन लावला. बाहेरच्या खोलीतून तिला ऐकू आलं, "आता माझं येणं कठीण दिसतंय, ताई. नाही, नाही, बरा आहे मी. कुणी आणून सोडलं तर येईन."

कुणी आणून सोडलं तर! तिला तिथं बसवेना. तिनं पर्स उचलली.

"बाबा, चला. गाडी दाखवून आणू."

"गाडीला काय धाड भरलीय?" म्हणत ते निघाले, आणि आपण होऊन चालकाच्या शेजारच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

नाडीवैद्यानं तिला गाडी आत घ्यायला लावली. बॅटरीला चार्जर जोडला, खिडकीतून वायर आत सोडली, आणि दोघांना बसूनच राहायला सांगितलं. "एकदा सुरू झालं की मध्ये काही नको. दार उघडायचं नाही, काच नाही, दिवा नाही. वीज अर्धवट तुटली तर गाडीचा मेंदू कायमचा जाईल." त्यानं बटण दाबलं. गाडीच्या काट्यांसमोरचे सगळे दिवे एकदम लागले आणि विझले.

"हे काय करतोय हा?" बाबांनी विचारलं.

"मूळचं परत घालतोय."

"मूळचं म्हणजे?"

आता मात्र पळायला वाट नव्हती. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून तिनं सांगून टाकलं. "बाबा, तुमच्या पायाला काही झालेलं नाही. गाडीचा जोर मी कमी करून घेतला होता. तुमच्या नकळत. मला भीती वाटत होती."

बाबांचा हात दाराच्या कडीकडे गेला.

"काका, दार नको!" नाडीवैद्य बाहेरून ओरडला. "हात काढा आधी!"

हात थांबला, पण कडीवरून हलेना. लॅपटॉपवरची पट्टी मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होती. नाडीवैद्य एकदा पट्टीकडे बघायचा, एकदा त्या हाताकडे. बाबांचा जबडा घट्ट आवळलेला. ते आता दार उघडतील, आणि गाडीही जाईल अन् बापही, असंच तिला वाटलं.

बाबांनी हात मांडीवर घेतला.

"बसला गव्हर्नर असतो, माहितेय ना तुला?" ते समोर बघत म्हणाले. "कितीही दाबा, ठरल्या वेगाच्या पुढे जात नाही. सगळा जन्म तसल्या बसवर काढला मी. कधी तक्रार केली? पण सकाळी डेपोत गाडी ताब्यात देताना मेकॅनिक सांगायचा, हिचा गव्हर्नर इथं बांधलाय, हिचा ब्रेक जरा उशिरा लागतो. न सांगता गाडी हातात देणाऱ्याला आम्ही डेपोत उभा करत नव्हतो. तू माझ्या हातात दिलीस. आणि शेजारी बसलीस."

"चुकलं माझं, बाबा."

"ती बस अंगावर आली असती तर तू पण गेली असतीस, अक्कलशून्य कार्टे!" त्यांचा आवाज फुटला. "आणि नंतर? आठवडाभर मी लंगडत होतो ते बघत होतीस ना?"

तिला रडू आवरेना. "बाबा, ब्रेक त्याच पायानं मारलात हो तुम्ही. त्याच पायानं वाचवलंत. मला तेव्हाच सांगायला हवं होतं."

बाबांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. तो त्यांनी पुढे लांब केला, मागे घेतला, पुन्हा लांब केला.

"झालं," नाडीवैद्य म्हणाला आणि त्यानं कपाळ पुसलं. "आता उघडा दार."

बाबा उतरले. काठी त्यांनी मागच्या सीटवर टाकली आणि गाडीला वळसा घालून तिच्या दाराशी आले. लंगडत नव्हते.

"ऊठ तिथनं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा गाडी चालवत आत्याकडे निघाले, ती शेजारी. घाट सुरू झाला, आणि नशीब बघा, पुढे पुन्हा एक टँकर. तसलाच, धापा टाकणारा. सरळ तुकडा आला. समोर रस्ता रिकामा, वळण लांब.

तिनं सीटची कड घट्ट पकडली.

बाबांनी गाडी जराशी बाहेर काढून पाहिलं. पाय दाबला. गाडी अशी उचलली की तिची पाठ सीटवर आदळली. टँकरचं मागचं चाक शेजारी आलं. आणि बाबांनी पाय सैल सोडला, गाडी हळूच मागे आणली आणि टँकरच्या मागे लावली.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"जाऊ दे त्याला," ते म्हणाले. "मागनं जाऊ."

वळण आलं, गेलं. टँकरचा धूर काचेवर येत होता, बाबांनी काच वर घेतली.

"जागा होती, बरं का."

"होती, बाबा. भरपूर होती."

बाबांनी मान हलवली. आणखी एक वळण गेलं.

"परत येताना तू चालव," ते म्हणाले. "आत्ताच सांगून ठेवतो."

मागच्या सीटवर काठी प्रत्येक वळणाला या टोकाहून त्या टोकाला घरंगळत होती. ती धरायला दोघांपैकी कुणीच मागे वळलं नाही.