नळीतला काळोख

पुरुषोत्तम देवस्थळींना जुन्या लष्करी रायफली जमवायचा नाद होता. ओहायोत इतकी वर्षं काढली, पण बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली थ्री-नॉट-थ्री रायफल काही त्यांना मिळाली नव्हती. ती एका म्हाताऱ्या अमेरिकन शेतकऱ्याकडे आहे असं कळल्यावर मुलगी इला त्यांना तिकडे घेऊन गेली.

त्यांनी रायफलीचा लाकडी दस्ता बोटांनी चाचपला. कुठे तडा नव्हता. चष्मा घरी राहिला म्हणून सुट्या भागांवर कोरलेले नंबर इलाकडून वाचून घेतले, सगळे एकमेकांशी जुळले. मग बोल्ट मागे ओढून रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि नळी खिडकीकडे धरून तिला डोळा लावला.

"गंजलीय," ते इलाला म्हणाले. "आत नुसता काळोख आहे. नको."

इलाने वाकून पाहिलं. "बाबा, इट्स क्लीन! आरशासारखी चमकतेय."

त्यांनी दुसरा डोळा लावला. तोच काळोख. रक्तातल्या साखरेने डोळे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते त्यांनी घरी कुणालाच कळू दिलं नव्हतं.

"बाबा, तुला खरंच दिसत नाहीये?" इलाचा आवाज चिरकला.

त्यांनी रायफल म्हाताऱ्याच्या हातात परत दिली.

"घेऊ या ना, बाबा."

"कशाला? घरातल्याही आता विकायला काढ."

बाहेर पडताना ते पायाने पायरी शोधू लागले. इलाने त्यांचं कोपर धरलं. एरवी त्यांनी तिचा हात झिडकारला असता.

आज त्यांच्यात तेवढंही बळ उरलं नव्हतं.