पेटीतला खोकला

पिंजायचं यंत्र गप्प करायची अक्कल माझ्या दिराची. आमचा धंदा जुन्या कपड्यांचा. बटणं, चेन कापायच्या, चिंध्या यंत्रात घालायच्या, निघालेला कापूस गादीवाल्याला द्यायचा. यंत्र असं बोंबलायचं की घरमालक जिना उतरून आला. त्याचा जावई रात्रपाळीचा, दिवसा झोपतो. म्हणाला, "आवाज बंद करा, नाहीतर जागा खाली करा." जागा गेली तर खायचं काय, माती?

भाऊजींनी यंत्राभोवती जुन्या फळ्यांची दुहेरी पेटी ठोकली. आतून टायरचे तुकडे, अंड्यांचे ट्रे, आणि मधल्या पोकळीत आमचाच पिंजलेला कापूस ठासून भरला. यंत्र सुरू केलं तर नुसती घुरघुर. चला, भाऊजींनी जन्मात एक काम धड केलं, असं मी मनात म्हटलं.

दुपारी त्या घुरघुरीतून खोकला आला. आधी बारीक दोन, मग एक लांब, ओढून काढलेला. माझ्या हातातली कात्री खाली पडली. आमचे हे अस्सेच खोकायचे. गेल्या थंडीत त्या खोकल्यातच गेले.

"बेअरिंग असेल, वहिनी," भाऊजी म्हणाले, पण माझ्याकडे बघेनात.

माझी नजर रिकाम्या बाकड्यावर गेली. "यांचा तपकिरी स्वेटर कुठाय?"

"बाकड्यावर होता तो? मला वाटलं, मालातलाच आहे. बटणं नव्हती, म्हणून तुमच्याकडे दिला नाही. सरळ यंत्रात घातला."

एरवी प्रत्येक कपडा बटणांसाठी माझ्या हातातून जातो. नेमका हाच गेला नाही. असा संताप आला, पण ओरडून काय उपयोग? त्याचा कापूस होऊन पेटीच्या पोकळीत गेला होता. आणि खरं सांगते, मी घाबरले होते. ज्याच्याबरोबर संसार केला त्या माणसाला घाबरले.

दुसऱ्या दिवशी यंत्र बंद ठेवून फळी उचकटली. सगळा कापूस जमिनीवर पसरला आणि त्यातले तपकिरी धागे वेचत बसले. जेमतेम मूठभर निघाले. ते पदरात बांधले, बाकीचा कापूस परत भरला. यंत्र घुरघुरलं. खोकला नाही.

सुटले बाई, म्हटलं. पण कान पेटीकडेच. आज येईल, उद्या येईल. आठवडा गेला, काही नाही. बटणं कापता कापता मला रडूच कोसळलं. हे दुसऱ्यांदा गेले, आणि या खेपेला मीच घालवले.

भाऊजींना म्हटलं, "फळी काढा." पदराची गाठ सोडली आणि ती मूठ माझ्या हाताने आत सारली, मी बसते त्या बाजूला. भाऊजींनी फळी परत ठोकली.

दुपारी बारीक दोन आले, मग लांब एक.

"अहो, पाणी प्या," मी म्हटलं आणि भरलेला पेला पेटीवर ठेवला.

संध्याकाळी तो अर्धा झाला होता. भाऊजी म्हणाले, हादऱ्याने सांडलं असेल. मी पेटीवरून हात फिरवला. फळी कोरडी होती.