चौदा की सतरा

मॅरिएलचं बोट नकाशावरून सरकत ओढ्याच्या वळणाशी आलं आणि तिने ते चटकन उचललं. कोणी पाहिलं नव्हतं. समोर व्हर्जिल चष्मा पुसत होता आणि त्याची बायको डोरीन त्याला शर्टाने पुसू नकोस, चरे पडतात, असं सांगत होती.

नकाशावर रस्त्यांची नावं मुद्दामच घातली नव्हती. नुसते तुकडे, आणि प्रत्येकात दोन आकडे: तुकड्याचा क्रमांक आणि त्यातली शाळेत जाणारी मुलं. शाळा मंडळाच्या बाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "आपण कुठे राहतो ते टेबलावर काढायचं नाही. सगळ्याच मुलांचा विचार करायचा." जुनी शाळा ओसंडून वाहत होती, नवी बांधून तयार होती, प्रत्येक टेबलाने एक तुकडा नव्या शाळेसाठी सुचवायचा होता. शनिवारच्या सकाळी, शाळेच्याच जेवणाच्या हॉलमध्ये, मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन दोनशे माणसं बसली होती, आणि प्रत्येकाला आपापलं घर केव्हाच सापडलं होतं.

सहा नंबरच्या टेबलावर गाडी दोन तुकड्यांवर येऊन अडली होती. चौदामध्ये बावीस मुलं, सतरामध्ये तेवीस.

त्या बाविसांत मॅरिएलची टोवी होती. पाच वर्षांची. घरात दिवसभर चिवचिवणारी टोवी उंबऱ्याबाहेर ओठ मिटून घ्यायची. सप्टेंबरपासून ती वर्गात मुकी बसली, आणि फेब्रुवारीत एके दिवशी तिने पेल्टियर बाईंच्या कानात "पाणी" म्हटलं. बाईंनी जणू काही विशेष घडलंच नाही अशा रीतीने पाणी दिलं. संध्याकाळी फोनवर मात्र त्यांनी तो एकच शब्द मॅरिएलला तीनदा सांगितला. आता एप्रिल होता. टोवी तीन शब्दांची वाक्यं बोलत होती. फक्त पेल्टियर बाईंशी, आणि बाई याच जुन्या शाळेत राहणार होत्या.

"चौदाला काही अडचण नाही," व्हर्जिल म्हणाला. एकतीस वर्षं शाळेची बस चालवून तो निवृत्त झाला होता. "सरळ रस्ता. झोपेत गाडी नेईन मी."

"नेलीच होतीस की," डोरीन म्हणाली. "त्या टपालपेटीला विचार."

टेबलाशी बसलेला दाढीवाला बाप खो-खो हसला.

"पण सतराची मुलं रोज हायवे ओलांडून चालत येतात," मॅरिएल म्हणाली. आवाज तिने जपून, सपाट ठेवला होता. "चार पदरी रस्ता. हिवाळ्यात कडेला बर्फाचे ढीग, येणारी गाडी दिसत नाही. नव्या शाळेत गेली तर त्यांना बस मिळेल. आपण हा विचार करायला नको का?"

तीन दिवस भांडी घासताना तिने ही वाक्यं घोकली होती. मंडळाचा एकशे बारा पानांचा आराखडा तिने दोनदा वाचला होता, त्यामुळे एकसष्टाव्या पानावर काय आहे तेही तिला ठाऊक होतं. बस सतराच्या वस्तीत शिरणारच नव्हती. ती हायवेच्या पलीकडच्या कडेला, पेट्रोल पंपापाशी थांबणार होती, सकाळी पावणेसातला; म्हणजे हायवे ओलांडणं चुकत नव्हतंच. मुलांना हात धरून रस्ता ओलांडून देणारे गृहस्थ साडेसातला येत. ते पान तिच्या पिशवीत होतं. तिने पायाने पिशवी बाकाखाली ढकलली.

"ह्यांचं बरोबर आहे," बाकाच्या टोकाला बसलेली बाई म्हणाली. छातीवरच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत नाव होतं, ओदालिस. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती.

मत द्यायला प्रत्येकाला एकेक हिरवा चिकट ठिपका मिळाला. व्हर्जिल आणि डोरीनने चौदावर चिकटवले. दाढीवाल्याने सतरावर, मॅरिएलने सतरावर. ओदालिसने नखाने ठिपका सोडवला, क्षणभर थांबली आणि सतरावर लावला.

"हरलो," व्हर्जिल म्हणाला. "कागद तू भर गं पोरी. माझं अक्षर मलाच लागत नाही."

कॉफीच्या रांगेत ओदालिस तिच्या मागे उभी राहिली.

"सांगायचं नाही म्हणतात," ती हलकेच म्हणाली, "पण आम्ही सतरात राहतो. त्या चाकांवरच्या ट्रेलरच्या घरांत. दोन मुलं आहेत माझी."

मॅरिएलच्या कपातून कॉफी बोटांवर सांडली.

"मोठ्याला ही शाळा फार आवडते. रडेल तो. पण रोज दोघांचे हात धरून मी तिथे उभी असते ना, तेव्हा त्यांची बोटं दुखेपर्यंत आवळते मी. आजवर कोणी विचारलं नव्हतं आमच्या रस्त्याचं. तुम्हीच पहिल्या."

मॅरिएलने कप ठेवला. बोटं पुसली. मग पुन्हा पुसली.

"या," ती म्हणाली.

टेबलाशी येऊन तिने पिशवी ओढली, एकसष्टावं पान काढून ओदालिससमोर ठेवलं आणि ओळीखाली बोट धरलं. ओदालिसने ओठ हलवत सावकाश वाचलं. एकदा, पुन्हा एकदा.

"पावणेसात," ती म्हणाली. "तेव्हा अंधार असतो."

"हो."

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

व्हर्जिलने चष्मा कपाळावर चढवला. डोरीनने नवऱ्याच्या बाहीवर हात ठेवला. ओदालिस मॅरिएलकडे इतका वेळ पाहत होती की मॅरिएलला नकाशाकडे पाहावं लागलं. मग ओदालिसने सतरावरचा आपला ठिपका सोलून काढला. तो तिच्या बोटाच्या टोकाला चिकटून राहिला.

"मग आता कुठे लावू?"

"चौदावर," मॅरिएल म्हणाली. तिने ओढ्याच्या वळणाशी बोट टेकवलं. "इथे. इथल्या मुलांसाठी बस दारात येईल."

ओदालिसने ठिपका लावला आणि अंगठ्याने दाबून बसवला. मंडळाच्या बाई टेबलाटेबलावरून कागद गोळा करत जवळ आल्या होत्या. मॅरिएलने घाईने लिहिलं: टेबल सहा, तुकडा चौदा, मुलं बावीस. खाली सूचनांसाठी दोन ओळी मोकळ्या होत्या. पहिलीत तिने लिहिलं की सतराच्या वस्तीजवळ रस्ता ओलांडायला सिग्नल हवा. दुसऱ्या ओळीवर पेन्सिल बराच वेळ थांबली.

"झालं का?" बाईंनी हात पुढे केला.

"एक मिनिट," मॅरिएल म्हणाली, आणि बारीक अक्षरांत लिहिलं:

चौदामधली एक मुलगी सुरुवातीला काही महिने बोलणार नाही. तिला पाणी लागलं का, ते तिच्याकडे बघून ओळखावं.