चार वाजताची बाई

मास्तरांच्या घरी पाहुणे यायला लागले त्याला आता दीड वर्ष झालं होतं. पाहुणे म्हणजे कसे, तर कडी न वाजवता येणारे, चहा न घेणारे आणि मास्तरांखेरीज कुणालाही न दिसणारे. असे पाहुणे वैऱ्याच्याही घरी येऊ नयेत असं कुणीही म्हणेल. मास्तरांच्या बायकोचं म्हणणं निराळं होतं. ती म्हणे, "न बोलावता येतात, पण उष्ट्या कपबशा तरी मागे ठेवून जात नाहीत."

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. चाळीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून त्यांनी अख्ख्या गल्लीला कोट आणि सदरे शिवून घातले. मग उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला. आधी वाटलं, चहा जास्त होतोय. मग पाय जमिनीला चिकटायला लागले, आवाज खोल गेला, सुईत दोरा ओवायला अर्धा तास लागू लागला. आणि एका सकाळी मास्तर मशीनवर बसल्या बसल्या म्हणाले, "अगं, त्या गृहस्थांना खुर्ची दे. केव्हाचे उभे आहेत बिचारे." खोलीत चिटपाखरू नव्हतं.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. आजार पुढेच जाणार, म्हणाल्या, मागे फिरणार नाही. माणसं दिसणं हा त्यातलाच भाग. वाद घालू नका, घाबरवू नका. दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. "एक दिवस ते तुम्हालाही त्या पाहुण्यांतलंच एक समजतील. मनाची तयारी ठेवा." मनाची तयारी म्हणजे काय प्रवासाची बॅग आहे, आधीच भरून दाराशी ठेवायला? दूरच्या शहरात राहणारी मुलगी दर रविवारी फोन करी आणि इकडचं तिकडचं विचारून झालं की अडखळत तेच विचारी, "आई, बाबा तुला ओळखतात ना?"

"न ओळखायला काय झालं?" ती म्हणे आणि फोन ठेवल्यावर जरा वेळ तिथेच उभी राही.

ओळखण्याची युक्ती मास्तरांनीच काढली होती. गळ्यातली टेप त्यांनी आजारातही सोडली नव्हती. पाहुण्याच्या खांद्यावर टेप ठेवली की ती सरळ जमिनीवर पडे, हे त्यांच्या पहिल्याच महिन्यात लक्षात आलं. टेप पडली की पाहुणा, टिकली की खरं माणूस. रोज सकाळी ती मशीनशेजारीच टाकलेल्या त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून मान खाली घाली आणि मास्तर थरथरत्या हाताने टेप तिच्या खांद्यावर टाकत.

"लागली," ते म्हणत.

"म्हणजे आहे ना मी अजून?"

"आहेस. चहा आण."

एवढंच. पण एवढं झालं की तिचा दिवस सुरू होई. टेप लागायच्या आधी ती चहाचं आधणही ठेवत नसे.

चहाबरोबर वह्या निघत. मापांच्या अकरा वह्या होत्या. मास्तरांना नावं लक्षात ठेवायचा भारी कंटाळा, म्हणून नावाच्या जागी ते खूण लिहीत. 'पोस्टातले, डावा खांदा खाली.' 'बँडवाले, छाती फुगवून उभे राहतात, श्वास सोडायला लावून मोजणे.' 'कोपऱ्यावरच्या बाई, टेप लावली की हसतात, दोनदा मोजणे.' आदल्या दिवशी आलेल्या पाहुण्याचं माप मास्तर तोंडपाठ सांगत. चेहरे त्यांना धूसर दिसत, पण नजरेचं माप सुतानेही चुकत नसे. "छाती बेचाळीस, कंबर चव्वेचाळीस, डावा हात उजव्यापेक्षा आखूड." मग ती चष्मा लावून वह्या चाळत बसे. सापडलं की टाळीच वाजवी. "अहो, हे तर बेकरीवाले! 'बसल्यावर बटण तुटते' असं लिहिलंय तुम्ही!" मग दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. आजारी माणसाच्या घरात इतकं हसू नये असा काही नियम असेल, तर तो त्यांना कुणी सांगितला नव्हता.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली आणि ती तिने मनातच ठेवली. पोस्टातले जाऊन नऊ वर्षं झाली होती. बँडवाले त्याच्याही आधी गेले होते. कोपऱ्यावरच्या हसणाऱ्या बाईंच्या घराला कुलूप होतं, बेकरीत आता बेकरीवाल्यांचा जावई बसत होता. वहीत जो जो सापडला, तो तो गेलेला होता. हे ध्यानात आल्यापासून खूण वाचून दाखवताना तिचा आवाज थोडा बारीक होई. मास्तरांना त्याचा पत्ता नव्हता, किंवा असला तरी ते बोलत नव्हते. कापड लावून बघायचा उभा आरसा, त्यात नको ते दिसू नये म्हणून, तिने जुन्या चादरीने झाकून टाकला.

हिवाळा लागता लागता ती बाई यायला लागली.

"काल एक नवीन बाई आल्या होत्या," मास्तर सकाळी म्हणाले. "चारच्या सुमाराला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या, काही बोलल्या नाहीत, गेल्या."

"चारला तुम्ही झोपलेले असता."

"डोळे मिटले म्हणजे झोपलो काय? लिही. खांदा चौदा, बाही वीस. डावा खांदा अर्धा इंच खाली. पाठीला बाक आलाय, मागून कापड चढेल. मागच्या भागाला पाऊण इंच जास्त द्यावं लागेल."

तिने अकरा वह्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिल्या. माप सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती बाई पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही. आधी तिने चेष्टा केली. "या वयात दुपारच्या वेळी बायका भेटायला येतात म्हणजे कमाल आहे तुमची." मास्तर हसले नाहीत.

"फार दमलेली बाई आहे गं," ते म्हणाले. "डोळे मिटून बसते. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. तिचा कपडा राहिलाय का माझ्याकडे?"

हे ऐकून तिने वही मिटली. कारण दुपारी चारला, मास्तर झोपले की, त्याच खुर्चीत ती स्वतः जाऊन बसत असे. दिवसभरातली तेवढी पंधरा मिनिटं तिची होती. भांडी झालेली, औषधं दिलेली, कपडे वाळत घातलेले. खिडकीतून तिरपं ऊन मशीनवर पडे, ती डोळे मिटून घेई आणि कशाचाही विचार करत नसे. आणि नेमक्या त्याच वेळी, त्याच खुर्चीत, गेलेल्यांपैकी कुणीतरी येऊन बसतं! माप वहीत नाही, म्हणजे ओळखीचं नाही. मग काय हवंय तिला? कुणाला न्यायला आलीय? आता कुणी म्हणेल, शहाण्या बाईने असं घाबरावं का? जरूर म्हणावं, पण त्या खुर्चीत एकदा बसून म्हणावं.

तिने खुर्ची सोडली. चार वाजता ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसू लागली, भिंतीला पाठ लावून.

चार दिवस गेले. मास्तर पाचव्या सकाळी चहाला हात लावीनात.

"ती बाई येत नाही आता."

"बरं झालं. ब्याद गेली."

"असं बोलू नकोस. रागावून गेली असणार. मीच कधीतरी उद्या या, उद्या या करून तिला फिरवली असेन." शिंप्याचा 'उद्या' कसा असतो हे काय सांगायला हवं, गल्लीतल्या सगळ्यांनी मास्तरांचा तो 'उद्या' भोगला होता. पण त्याची टोचणी लागून मास्तरांनी घास नाकारावा, हे पहिल्यांदाच घडत होतं. दुपारीही ते दोन घास खाऊन तोंड फिरवून पडले.

चारला ती स्टुलावर बसली. चहाचं पाणी ठेवलं होतं. ते उकळून निम्मं झालं तरी तिचं लक्ष नव्हतं, कारण तिच्या मनात एक साधा हिशेब जुळत होता. मी चार दिवस खुर्चीत बसले नाही. बाई चार दिवस आली नाही.

तिने गॅस बंद केला. हात मागे नेऊन पाठीवरून फिरवला. बाक होता. कधी आला, कळलंच नव्हतं. डावा खांदा? मुलगी लहानपणी कडेवरून उतरत नसे, ती डाव्याच. आणि वहीत माप सापडणार तरी कसं? लग्न ठरलं तेव्हा मास्तरांनी तिला लांबून एकदाच पाहिलं आणि तिच्यासाठी लोकरी कोट शिवून पाठवला. तो अंगात असा बसला की तिच्या आईने तोंडात बोट घातलं. त्यानंतर चाळीस वर्षं ते तिचे कपडे नजरेनेच बेतत आले होते. गल्लीत एकटीच होती ती, जिचं माप मास्तरांनी कधी लिहून घेतलं नव्हतं.

म्हणजे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तो दिवस येऊनही गेला होता, आणि ती तो वह्यांत शोधत बसली होती.

तरी वेडी आशा सुटत नाही. सकाळी तर टेप लागते, तिने स्वतःला सांगितलं. झोपेत, अर्ध्या गुंगीत, तिरप्या उन्हात माणूस चुकतो. ती पदर सावरून बाहेर गेली आणि खुर्चीत बसली. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. म्हणा ना, तिने मनात घोकलं, म्हणा, 'अगं, तू इथे काय करतेस?'

मास्तरांनी मान वळवली. चेहरा उजळला.

"आलात?" ते म्हणाले. "मला वाटलं, रागावलात."

रडू फुटलं तर ते घाबरतील, म्हणून तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"नाही रागावले," ती हळू म्हणाली.

"बोलता तुम्ही!" मास्तर चकित झाले. इतर पाहुणे कधी बोलत नसत. ते कोपरावर जोर देऊन उठू लागले. ती मदतीला धावणार होती. पण गिऱ्हाईक कशाला धावेल? ती बसून राहिली. मास्तर मशीनला धरत, पाय ओढत, चार पावलांची वाट पाच मिनिटांत चालून आले. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि तिच्या खांद्यावर ठेवली.

टेप पडली नाही.

मास्तर बघतच राहिले. बोटाने त्यांनी टेप थोडी दाबून पाहिली. "लागली," ते पुटपुटले. "तुम्ही खऱ्या आहात." मग त्यांच्या हातात जुना सराव आला. थरथरत का होईना, त्यांनी खांदा मोजला, बाही मोजली, पाठीच्या बाकावरून टेप अलगद खाली नेली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते तिचं माप घेत होते. तिने श्वासही जपून घेतला.

"एक विनंती आहे," मास्तर तिच्याकडे झुकून म्हणाले. "माझ्या बायकोला भेटून जा. ती आत आहे, येईलच. तुमचं माप वहीत सापडत नाही म्हणून घाबरलीय. मला सांगत नाही, पण मला कळतं."

"बाकीच्यांची मापं तुम्ही तिला का सांगता मग?"

"सापडलं की ती हसते," मास्तर म्हणाले. "माझ्या आजारपणात तिचं हसणं पार गेलं होतं हो. म्हणून कुणीही आलं की आधी माप लक्षात ठेवतो. बाकी सगळं विसरायला होतं. तेवढं विसरत नाही."

ती उठली. "बोलावते त्यांना," एवढंच तिला म्हणता आलं.

स्वयंपाकघरात जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं, आणखी एकदा मारलं, आणि ओट्याला धरून उभी राहिली. मग भांड्यांचा मुद्दाम आवाज केला आणि आतूनच हाक दिली, "अहो, उठलात का?"

"अगं, कुठे होतीस!" बाहेरून आवाज आला. आजारापूर्वीचा वाटावा इतका खणखणीत. "लवकर ये, वही घेऊन ये! टेप लागली!"

ती वही घेऊन बाहेर गेली. मास्तर रिकाम्या खुर्चीला धरून उभे होते. तिने त्यांना पलंगावर बसवलं, शेजारी बसली आणि अकराव्या वहीचं कोरं पान काढलं. मास्तरांनी एकेक आकडा सांगितला, तिने एकेक लिहिला. खांदा चौदा. बाही वीस. मागे पाऊण इंच जास्त.

"आणि खूण काय लिहू?"

मास्तरांनी बराच विचार केला. "ते राहिलंच," ते म्हणाले. "उद्या विचारतो. उद्या येतील ना गं त्या?"

तिने खुणेची जागा मोकळी सोडली.

"येतील," ती म्हणाली. "चारला." आणि मान खाली घालून खांदा त्यांच्यापुढे केला.